नागपूरच्या गच्चीवर मातीविना भाजी: पहिल्या खोक्यापासून सुरुवात

गच्चीवरच्या पाण्यातल्या भाजीबद्दल मला बरेच जण मार्च-एप्रिलमध्ये विचारतात. परीक्षा आटोपलेल्या असतात, सुट्या समोर असतात, हाताशी वेळ असतो. त्यांना मी सांगते, आत्ता फक्त वाचा आणि पाणी मोजा. बी टाकायचं ते दसऱ्याला. काहींचा चेहरा पडतो. पण नागपुरात या शेतीचा पहिला नियम हाच आहे, आणि तो मला कोणी वेळेवर सांगितला असता तर माझी पहिली साठ रोपं वाचली असती.

पुण्या-बंगळुरूच्या हवेवर बेतलेली माहिती वाचून आपण सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. आपल्या शहराचा पारा २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंशांवर गेला होता आणि २०१८ च्या डिसेंबरात ३.५ वर उतरला होता. पान ऊन बऱ्यापैकी सोसतं. मुळांभोवतीचं पाणी तापलं, की मात्र खेळ संपतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो, ३० अंशांना तो साडेसातवर येतो, आणि नेमक्या त्याच वेळी मुळांची प्राणवायूची गरज वाढलेली असते. मुळं गुदमरतात आणि पिथियम नावाची मूळकुज त्यांच्यावर बसते.

मी गुढीपाडव्याला निळ्या ड्रमात लेट्यूस लावलं होतं. एप्रिलच्या शेवटी दुपारी तीन वाजता ड्रममध्ये तापमापी बुडवली, ३६ अंश. पांढरीशुभ्र, ताठ मुळं दोन दिवसांत तपकिरी आणि बुळबुळीत झाली. चिमटीत धरून ओढलं की वरचं साल सुटून हातात येत होतं आणि आत दोऱ्यासारखा गाभा तेवढा उरत होता. साठच्या साठ रोपं मी एका संध्याकाळी उपटली. तेव्हापासून मला या विषयातलं सगळं तंत्रज्ञान एकाच प्रश्नाभोवती दिसतं: मुळाशी असलेलं पाणी गार कसं राहील? खाली जे काही सांगते आहे ते याच क्रमाने वाचा.

आधी थोडं समजून घ्या

माती रोपाला उभं राहायला आधार देते, ओल धरून ठेवते आणि क्षार पुरवते. हायड्रोपोनिक्समध्ये, म्हणजे मातीविना पाण्यातल्या शेतीत, आधाराचं काम जाळीदार कप आणि नारळाच्या शेंड्यांचा भुसा, म्हणजे कोकोपीट करतं. क्षार आपण मोजून पाण्यात घालतो. मुळांना हवा कशी मिळते यावरून पद्धतींची नावं पडली. पाणी एका जागी ठेवून ते जसजसं आटेल तसतशी मुळांना हवा मिळू द्यायची, ही हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत. तिला वीज लागत नाही. उतरत्या नळीतून पाण्याचा पातळ थर सतत वाहता ठेवायचा, ती एनएफटी. नवशिक्याने पहिलीच धरावी. दुसरी पुढच्या हिवाळ्यात.

माझी मांडणी पाहून शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "काऊन वं पोरी, मातीनं काय घोडं मारलं तुह्यं?" प्रश्न बरोबर होता. मातीने काहीच केलेलं नाही. देशाच्या मातीचे नकाशे काढणारी संस्था आपल्याच गावात, अमरावती रोडवर आहे. मातीला कमी लेखायला हा लेख नाही. पण तिसऱ्या मजल्यावर माती चढवणं, तिचं वजन आणि उन्हाळ्यात तिला दिवसातून दोनदा पाणी घालणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी हा मार्ग आहे. शिवाय पालक-सांबारासारख्या (सांबार म्हणजे कोथिंबीर) पालेभाजीला पाणी खरोखर कमी लागतं, कारण ओतलेलं पाणी जमिनीत झिरपून जात नाही.

गच्ची पाहा, आणि वजनाचं गणित करा

हे गणित फार थोडे लोक करतात, म्हणून इथे जरा थांबते. माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये चौरस मीटरमागे १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलो भार धरलेला आहे. पाण्याचा लिटर म्हणजे किलो. ६० सेंटिमीटर लांब आणि ४० रुंद खोक्यात १५ सेंटिमीटर पाणी भरलं की ३६ लिटर होतात. खोक्याने अडवलेली जागा ०.२४ चौरस मीटर. भागाकार करा: बरोबर दीडशे किलो चौरस मीटरला. म्हणजे अशी खोकी एकाला एक चिकटवून सगळी गच्ची भरायची नाही. मधे चालायची वाट सोडा, खोकी भिंतीच्या आणि तुळईच्या रेषेत मांडा. दोनशे लिटरचा ड्रम गच्चीच्या मध्यभागी तर कधीच ठेवू नका. इमारत तीस-चाळीस वर्षांची असेल, स्लॅबला गळती किंवा पोपडे असतील तर आधी अभियंत्याला दाखवा. फ्लॅट असेल तर सोसायटीची परवानगी तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या.

ऊन किती येतं तेही पाहा. हिवाळ्यात पाच-सहा तास थेट ऊन मिळालं तर उत्तम. पश्चिमेची भिंत असेल तर तिच्यापासून हातभर लांब राहा. ती दिवसभर तापते आणि रात्री आठपर्यंत धग सोडत राहते.

पाणी मोजल्याशिवाय एक पैसाही खर्च करू नका

पहिली खरेदी टीडीएस मीटरची, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरची. काही शे रुपयांत मिळतो. घरातल्या प्रत्येक पाण्यात तो बुडवा. पेंच आणि कन्हान नद्यांचं नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक निघतो. माझ्याकडे नळाचा आकडा दोनशेच्या आत येतो आणि त्याच आवारातल्या बोअरचा पावणेआठशे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट आधीच भरलेलं असतं. तुम्ही खत घालायच्या आतच जागा भरलेली. वर, ते बायकार्बोनेट पीएच रोज वर ढकलत राहतं. आकडा तीनशेच्या पुढे असेल तर नळाचं किंवा आरओचं पाणी मिसळून खाली आणा. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र यासाठी वापरू नका, त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडं भरून ठेवा म्हणजे क्लोरिन उडून जातं.

सगळ्यांत चांगलं पाणी आकाशातून येतं. नागपुरात वर्षाला साधारण अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो. दहा चौरस मीटर गच्चीवर तो सगळा धरला तर अकरा हजार लिटर होतो. सगळा धरता येत नाही, पण झाकणाच्या दोन टाक्या भरून ठेवल्या तरी हिवाळ्याची सुरुवात फार सोपी होते.

दुसरं उपकरण पीएच मीटर. पाण्याचा पीएच साडेपाच ते साडेसहाच्या मधे हवा. त्याच्या वर गेला की लोह पाण्यात असूनही रोपाला घेता येत नाही आणि कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. मीटर महिन्यातून एकदा त्याच्यासोबत येणाऱ्या पुड्यांच्या द्रावणात बुडवून जुळवून घ्या. न जुळवलेला मीटर खोटं सांगतो आणि आपण त्याच्या भरवशावर आम्ल ओतत बसतो. पीएच उतरवायला सौम्य केलेलं फॉस्फोरिक आम्ल वापरतात. नेहमी पाण्यात आम्ल, आम्लात पाणी कधीच नाही, आणि हातमोजे घालून. लिंबूसत्वानेही उतरतो, पण दोन दिवसांत सूक्ष्मजंतू ते खाऊन टाकतात आणि पीएच पुन्हा जागेवर येतो.

पहिलं खोकं

मासळी बाजारात मासे ज्या थर्माकोलच्या खोक्यांतून येतात, ती या कामाला फार चांगली. हलकी असतात, आणि थर्माकोल उन्हाची धग आत येऊ देत नाही. खोकं साबणाने धुऊन दोन दिवस उन्हात ठेवा, म्हणजे वास जातो. आतून काळं जाड प्लास्टिक अंथरा. बाहेरून पांढरा रंग द्या. रंग पाण्यात मिसळणारा घ्या, थिनरच्या रंगाने थर्माकोल विरघळतो. झाकणाला दोन इंची जाळीदार कप बसतील अशी आठ भोकं पाडा. डब्याच्या गरम केलेल्या कडेने ती गोल आणि स्वच्छ पडतात. हे काम उघड्यावर करा, धूर नाकात जाऊ देऊ नका.

प्रकाश आत शिरेल अशी एकही फट ठेवू नका. प्रकाश आणि खत एकत्र आलं की शेवाळ होतंच. आणि फट म्हणजे डास. डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्यापासून पंखांपर्यंत पोचतो. कूलरच्या पाण्याबाबत आपण हे दरवर्षी ऐकतो, तेच या खोक्याला लागू आहे. रिकामा कप असेल तर त्या भोकावर थर्माकोलचा तुकडा ठेवा.

आता खत. इथे मला एका दुकानात १९:१९:१९ चं पाकीट "हेच पूर्ण अन्न" म्हणून दिलं गेलं होतं. त्यात कॅल्शियम अजिबात नसतं, आणि बरंचसं नत्र युरियाच्या रूपात असतं. मातीतले जीवाणू युरियाचं रूपांतर करून देतात, स्वच्छ पाण्यात ते काम करायला कोणी नसतं. तीन आठवड्यांत माझी शेंड्याची पानं चुरगळून वाकडी निघायला लागली. हायड्रोपोनिक्सचं खत म्हणून दोन भागांत मिळणारं, ए आणि बी, असंच घ्या. एका भागात कॅल्शियम नायट्रेट असतं, दुसऱ्यात सल्फेट आणि फॉस्फेट. दोन्ही घट्ट द्रावणं एकत्र ओतली तर कॅल्शियम आणि सल्फेट मिळून चक्क जिप्सम तयार होतं आणि पांढरा गाळ होऊन तळाशी बसतं. म्हणून आधी खोक्यात पाणी, मग ए घालून ढवळा, मग बी घालून ढवळा. दोघांना एकच चमचा वापरू नका.

किती घालायचं? पाकिटावरच्या मात्रेच्या निम्म्याने सुरू करा आणि मीटर पाहत वाढवा. ईसी नावाचा आकडा क्षारांची एकूण ताकद सांगतो. लेट्यूसला १ ते १.४, सांबाराला साधारण १.२ ते १.६, पालकाला १.८ च्या आसपास. टीडीएस मीटर बहुधा ईसीला ५००ने गुणून दाखवतो, म्हणजे १.२ ईसी म्हणजे ६००. ऊन वाढलं की ताकद कमी करा. उन्हात रोप पाणी जास्त पितं, क्षार मागे राहतात आणि द्रावण आपोआप कडक होत जातं.

पाणी भरताना कपाचा तळ बोटभर पाण्यात बुडेल इतकं भरा. नंतर पातळी खाली जाईल, तशी जाऊ द्या. या पद्धतीचं सगळं मर्म इथे आहे, आणि नवखे इथेच चुकतात. पाणी उतरलं म्हणून काळजीने पुन्हा काठोकाठ भरतात आणि रोप दोन दिवसांत मान टाकतं. दोन आठवड्यांनी झाकण हळूच उचलून पाहा. वरच्या रिकाम्या जागेत मुळांवर बारीक पांढरी लव आलेली असते, मिसरुडासारखी. ती हवा घेणारी मुळं. खालची लांब, गुळगुळीत मुळं पाणी घेतात. लव आलेल्या मुळांना पुन्हा बुडवलं तर ती गुदमरतात. भर घालायचीच वेळ आली तर तळाशी दोन-तीन बोटं पाणी राहील तेवढीच घाला. लेट्यूसच्या एका रोपाला आयुष्यभरात चार लिटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणून आठ रोपांना ३६ लिटर बहुतेक पुरतं. फेब्रुवारीच्या कोरड्या वाऱ्यात मात्र लक्ष ठेवा.

बी आणि रोप

नागपुरात पहिलं पीक म्हणून मी पालक आणि सांबार सुचवते, लेट्यूस नंतर. सांबारवडीच्या गावात सांबार पिकवून कंटाळा येत नाही, आणि जमलं नाही तरी बी स्वस्त असतं. डब्यातले जुने धणे वापरू नका, पेरणीचे घ्या. लाटण्याने हलकेच रगडून दोन डाळी सुट्या करा, रात्रभर पाण्यात ठेवा. तरी उगवायला आठ-दहा दिवस लागतात. पाचव्या दिवशी उकरून पाहू नका. पालकाचं बी चार-पाच दिवसांत वर येतं.

कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुवा, त्यात मीठ असतं. धुतलेल्या पाण्यात मीटर बुडवला की किती ते कळतं. कपात भरा, पालकाच्या तीन आणि सांबाराच्या सात-आठ बिया टाका, ताटात ठेवून रोज हलकं पाणी द्या. कोंब दिसला त्याच दिवशी उजेडात न्या. खिडकीतल्या अंधूक उजेडात ठेवलेली रोपं दोरीसारखी लांबतात आणि मग कधीच सुधारत नाहीत. दोन खरी पानं आली, कपाच्या जाळीतून मूळ डोकावलं की रोप खोक्यावर. लेट्यूसचं बी २८-३० अंशांच्या वर उगवतच नाही, ते बियाच्या स्वभावातच आहे. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात लावणार असाल तर ताट घरातल्या सगळ्यांत गार कोपऱ्यात ठेवा.

नागपूरचं वेळापत्रक

दसऱ्याला बी, दिवाळीत रोपं खोक्यावर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले सोन्याचे चार महिने. पालक पाच आठवड्यांत पहिली कापणी देतो. बाहेरची पानं घ्या, मधला शेंडा राहू द्या, म्हणजे तीनदा-चारदा मिळतो. डिसेंबरच्या कडाक्यात पानांच्या मागे जांभळट छटा दिसली तर घाबरू नका, गार पाण्यात फॉस्फरस ओढला जात नाही म्हणून तसं होतं. ऊन पडलं की जातं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी वादळ आणि गारा येतात, तेव्हा हिरवी जाळी पक्की बांधलेली हवी.

होळीनंतर खोकी आवरायला लागा. मार्चमध्ये पालक कसाबसा राहतो, सांबार फुलावर जातो. आणि एप्रिल-मेला माझं स्पष्ट मत: नवशिक्याने पाण्यातली शेती बंद ठेवावी. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, गच्चीवरचं पाणी गार ठेवायला जेवढी वीज आणि बर्फ लागतो, तेवढ्यात भाजी विकत घेणं शहाणपणाचं. त्या दिवसांत अंबाडी, माठ, चवळी अशा उन्हाला न भिणाऱ्या भाज्या जाड पिशव्यांत लावा, त्यांना ठिबकची बारीक नळी आणि सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटांचा टायमर लावा. तीही तंत्रज्ञानाचीच शेती आहे, आणि मे महिन्यात गावाला गेलात तरी पिशव्या जगतात.

पावसाळ्यात हवा दमट होते, ऊन कमी पडतं. तुळशीच्या कुळातली बेसिल आणि नाळीची भाजी या दोन्ही पाण्यात खुशाल वाढतात. पावसाचं पाणी खोक्यात शिरून खत पातळ होतं, तेवढं पाहा.

ज्यांना मार्चचे दोन आठवडे जास्त हवे आहेत, त्यांनी आपल्याकडच्या कूलरचं तत्त्व वापरावं. हवा कोरडी आहे तोवर ओला पृष्ठभाग गार होतो. खताच्या पाण्याच्या टाकीला गोणपाट गुंडाळा, त्याचं टोक पाण्याच्या तसराळ्यात सोडा, वाऱ्यात ठेवा. माठात होतं तेच होतं, आणि टाकीचं पाणी काही अंशांनी उतरतं. वर ५० टक्के ऊन अडवणारी जाळी, तीही रोपांपासून चार-पाच फूट उंच, म्हणजे खाली वारा खेळतो. दुपारी बारा वाजता पाण्याची गोठवलेली बाटली टाकीत सोडा. बाटली बंदच ठेवा, बर्फ थेट टाकला तर द्रावण पातळ होतं. पण पाऊस सुरू झाला, हवा ओली झाली की गोणपाटाचा उपाय चालत नाही, जसा जुलैत कूलर चालत नाही.

दुसऱ्या वर्षी: वाहतं पाणी

तीन-चार खोकी नीट सांभाळता आली की एनएफटीकडे जा. दोन मीटरच्या नळीला चार सेंटिमीटर उतार द्या. पंप म्हणून कूलरचा बुडता पंप चालतो. सीताबर्डीच्या बाजारापासून गल्लीतल्या विजेच्या दुकानापर्यंत कुठेही मिळतो आणि बिघडला तर त्याच संध्याकाळी दुसरा आणता येतो. १८ वॅटचा पंप चोवीस तास चालवला तर महिन्याला १३ युनिट. तो किती उंच पाणी चढवतो ते डब्यावर पाहून घ्या, बहुतेक पंप पाच-सहा फुटांपुढे दमतात. प्रत्येक नळीत मिनिटाला एक लिटर पाणी जायला हवं. हे मोजायला यंत्र नको, लिटरचं माप नळीच्या तोंडाशी धरा आणि घड्याळाकडे पाहा.

एनएफटीचा शत्रू म्हणजे वीज जाणं. मुळांखाली पाण्याचा थर कागदाएवढा असतो. एका फेब्रुवारीत आम्ही लग्नाला गेलो होतो, दुपारी दोन तास वीज नव्हती. परतलो तेव्हा बत्तीसही रोपं नळीवर आडवी पडली होती, शिजवल्यासारखी. तेव्हापासून प्रत्येक नळीच्या शेवटच्या टोकाला मी बोटभर उंचीचा बांध घातला आहे, म्हणजे पंप थांबला तरी तेवढं पाणी अडून राहतं. छोटा इन्व्हर्टर असेल तर पंप त्यावर टाका. आणि एक गोष्ट टाळू नका: गच्चीवरच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. पाणी, वीज आणि अनवाणी पाय एकाच जागी येतात तिथे हे उपकरण जीव वाचवतं. प्लग आणि जोड जमिनीपासून उंच, पाऊस लागणार नाही अशा डब्यात.

सेन्सर कधी, कोणता

दुकानात आणि व्हिडिओत सगळ्यात आधी हेच दाखवतात, म्हणून मी शेवटी ठेवलं. पहिले दोन महिने वही ठेवा. तारीख, पाण्याचं तापमान, ईसी, पीएच, रोज सकाळी आणि दुपारी तीनला. त्या वहीतून तुमच्या गच्चीचा स्वभाव कळतो. मग एक सेन्सर घ्या, पाण्याच्या तापमानाचा. डीएस१८बी२० हा स्टीलच्या टोपीतला जलरोधक सेन्सर, सोबत ईएसपी३२ नावाचा वायफाय असलेला छोटा बोर्ड, दोन्ही मिळून हजाराच्या आत येतं. सेन्सरच्या डेटा तारेत आणि वीजपुरवठ्याच्या तारेत ४.७ किलोओहमचा रोध जोडायला विसरू नका, तो नसेल तर आकडे उलटसुलट येतात. इंजिनीअरिंगला असलेला पुतण्या-भाचा एका रविवारी हे करून देईल. पाणी २६ अंशांवर गेलं की मोबाइलवर संदेश, एवढीच पहिली योजना करा. आधी पाहा की घरचं वायफाय गच्चीवर पोचतं का.

त्यानंतर टाकीतल्या पातळीचा तरंगता स्विच, म्हणजे पंप कोरडा फिरत नाही. पिशव्यांसाठी ओलीचा सेन्सर घ्यायचा तर कपॅसिटिव्ह घ्या. दोन उघड्या टोकांचा स्वस्त प्रकार महिन्याभरात गंजतो. खत आपोआप सोडणारी यंत्रणा पहिल्या वर्षी अजिबात नको. पीएचचा सेन्सर सरकला आणि यंत्राने रात्रभर आम्ल ओतलं, तर सकाळी वाचवण्यासारखं काही उरत नाही.

घरात, एलईडीखाली शेती करावी का, असाही प्रश्न येतो. शंभर वॅटचे दिवे रोज चौदा तास म्हणजे महिन्याला ४२ युनिट, आणि त्यावर लेट्यूसची मोजकीच रोपं. अमेरिकेतल्या एरोफार्म्ससारख्या मोठ्या कंपनीलाही २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य फुकट आणि भरपूर आहे. त्याच्याकडे पाठ फिरवून दिवे लावायचं कारण मला दिसत नाही. मोहरी, मुळा, मेथीचे आठ-दहा दिवसांत कापायचे कोवळे कोंब मात्र स्वयंपाकघराच्या ओट्यावर, एका ट्रेमध्ये, बारा महिने घेता येतात.

कीड, आणि पीक संपल्यावर

माती नाही म्हणून कीड नाही, असं नसतं. मावा आणि पांढरी माशी येतेच. पिवळे चिकट सापळे पहिल्या दिवसापासून लावा आणि पानाची मागची बाजू रोज पाहा. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा साबण, फवारणी संध्याकाळी, आणि फवारताना झाकणाच्या भोकांवर कापड. तेल टाकीत गेलं तर मुळांवर थर बसतो. फवारणीनंतर चार दिवस भाजी काढू नका.

अडलं तर महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात जाऊन विचारा. रोगट पान झिपच्या पिशवीत घालून, सोबत वही घेऊन जा. माझ्या अनुभवात वही पाहिल्यावर उत्तर फार लवकर मिळतं. अ‍ॅग्रोव्हिजन हे कृषी प्रदर्शन भरतं तेव्हा पंप, नळ्या, जाळ्या हातात घेऊन पाहता येतात. तिथे पहिल्याच दिवशी पूर्ण संच विकत घेऊ नका, दर लिहून आणा.

विक्रीचा विचार एक पूर्ण हिवाळा जाऊ द्या मग करा. आठ खोक्यांत चार माणसांच्या घराची पालेभाजी बऱ्यापैकी निघते, आणि उरलेल्या जुड्या शेजारी देता येतात. काकूंना मी पहिल्या वर्षी दोन जुड्या सांबार दिला. आता त्यांच्याही गच्चीवर दोन खोकी आहेत, एकात मेथी.

पीक निघालं की उरलेलं पाणी गटारात ओतू नका. दुप्पट पातळ करून कढीपत्त्याच्या आणि जास्वंदीच्या कुंडीला घाला, त्यातलं खत तिथे कामी येतं. खोकं आणि कप ब्रशने घासा, ब्लीचिंग पावडरच्या सौम्य पाण्यात अर्धा तास ठेवा, दोनदा धुऊन कडक उन्हात पालथे घाला. मुळांचे तुकडे कोकोपीटमध्ये राहिले असतील तर ते कोकोपीट पुन्हा कपात भरू नका, कुंडीच्या मातीत मिसळा. खोकी एकात एक रचून जिन्याखाली ठेवा, थर्माकोल मेच्या उन्हात ठेवलं तर ठिसूळ होऊन तडकतं.